षण्मासिकाची फई

दोलतराय अंताणींना नाव केव्हाच सुचलं होतं, पण ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, मंजुलाबेननासुद्धा नाही. भुजमध्ये बातमी फिरायला हमीरसर तळ्याला एक चक्कर मारण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि दोलतराय तर एकदा चांगलेच पोळलेले.

त्याचं असं झालं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी हरसुख बूच या जिवलग मित्रासमोर बशीत चहा ओतता ओतता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कधी संशोधनपत्रिका काढली ना हरसुख, तर तिचं नाव 'संपुट' ठेवीन." सहा महिन्यांत 'संपुट' निघालं. संपादक हरसुखराय बूच. दोलतराय तरातरा जाब विचारायला गेले, तर हा म्हणतो कसा, "अरे, ते तर माझ्या डोक्यात केव्हापासून होतं. तू म्हणाला होतास? मला नाही आठवत." नाही आठवत म्हणे. 'संपुट' पुढे सात अंक काढून मिटलं, पण दोलतरायांच्या मनातली अढी काही गेली नाही. मैत्री मात्र मोडली नाही. मोडून करता काय, दोघांची घरं एकाच गल्लीत. चहा रोज बरोबरच व्हायचा. फक्त त्या दिवसापासून दोलतराय चहा पिताना बोलत नसत.

आता दोलतराय कॉलेजातून निवृत्त झाले होते आणि भुजच्या संशोधन मंडळानं ठरवलं होतं की कच्छच्या जुन्या गोष्टींवर एक षण्मासिक काढायचं. शिलालेख, वीरांचे दगडी पाळिये, गलबतांच्या वह्या, बारोटांच्या वंशावळी, सगळं त्यात येणार. संपादक दोलतराय. लोकांच्या ओट्यावर ठाण मांडून त्यांनी लेख वसूल केले होते. पहिला अंक जुळून तयार होता. नव्हतं ते फक्त नाव, म्हणजे जगाच्या लेखी नव्हतं. दोलतरायांच्या लेखी ते होतं, 'मालम'.

मालम म्हणजे गलबताला वाट दाखवणारा. सगळे खलाशी झोपतात, हा तारे बघत जागा राहतो. दोलतरायांना ते नाव इतकं आवडलं होतं की रात्री अंथरुणात ते मनातल्या मनात म्हणायचे आणि मग बायको जागी तर नाही ना, हे बघायचे. तीस वर्षं त्यांनी पोरांना इतिहास शिकवला, पण कुणी कधी त्यांना वाट विचारायला आलं नाही. हे एक नाव तरी आपल्या हातून ठेवलं जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एक नाव त्यांच्या हातून निसटलेलं होतं, हेही सांगायला हवं. तरुणपणी त्यांना एक मुलगा झाला होता. चारच दिवस जगला. सहाव्या दिवशी छठी करून नाव ठेवतात, तोवर काही तो थांबला नाही. पुन्हा मूल झालं नाही. आपल्याकडे जशी आत्या तशी त्यांच्याकडे फई, बाळाचं नाव ठेवायचा हक्क तिचा. फई म्हणजे दोलतरायांची थोरली बहीण मुक्तागौरी, सगळ्यांची मोटीबेन, मांडवीहून बसनं आली ती थेट रडारडीतच. त्यानंतर त्या घरात कुणी हा विषय काढला नाही. मोटीबेन मात्र कुणाच्याही बारशाला गेली की परत येताना म्हणायची, "सगळं झालं आयुष्यात, तेवढं फई व्हायचं राहिलं." दोलतराय तेव्हा वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

तर मंडळाच्या बैठकीत नावाचा घोळ सुरू झाला. वाचनालयाच्या माडीवरची ती खोली, मधे खारे शेंगदाणे, आणि चारही बाजूंनी विद्वान. दोलतराय गप्प बसून एकेकाला जोखत होते.

"'पाळियो' ठेवा," बूच म्हणाला. "आपल्या मातीतलं आहे. दगडावर कोरलेली आठवण."

दोलतरायांनी मनात टिपलं, याचं पाळियांवरचं पुस्तक तयार आहे. पत्रिकेच्या जिवावर खपवणार.

"मेलेल्याचा दगड?" झैनब खत्री हसली. ती कॉलेजात शिकवायची, बांधणीच्या जुन्या नमुन्यांवर तिनं डॉक्टरेट केली होती आणि मंडळातली सगळ्यात धाकटी होती. "पहिल्याच अंकाला शोकसभा वाटेल, बूचसाहेब. त्यापेक्षा 'रण' बघा ना. छोटं, सुटसुटीत."

दोलतरायांनी हेही टिपलं. हिचा लेख रणाच्या काठच्या गावांवर, आणि तो अंकात पहिला लावलाय. आपल्याच हातानं लावलाय.

नावं येत राहिली आणि पडत राहिली. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं चाललं होतं. नाव ठेवायच्या आधीच नावं ठेवायला सगळे पटाईत. 'मालम' या घोळक्यात टाकलं असतं तर त्याचेही असेच लचके तोडले असते, शिवाय बूच म्हणाला असता, हे तर माझ्या डोक्यात केव्हापासून होतं. दोलतरायांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

शेवटी झैनबच वैतागून म्हणाली, "मूल जन्माला आलं, डोळे उघडून बघतंय आणि घरच्यांचं नावावरून भांडण. तुमच्यात अशा वेळी फईला बोलावतात ना?"

"बोलावतात," बूच म्हणाला. "पण फई कोण? मूल कोणाचं ते आधी ठरवा."

"मूल अंताणीसाहेबांचं. लोकांच्या दारात बसून त्यांनी वाढवलंय."

"मग फई म्हणजे मोटीबेन," बूच म्हणाला आणि दोलतरायांकडे बघत राहिला.

सगळे हसले. टाळ्या पडल्या. ठराव झाला की षण्मासिकाचं नाव मुक्तागौरीबेन ठेवतील आणि ते सर्वांना मान्य राहील. दोलतरायांना आधी वाटलं, हे दोघांचं आधीच ठरलेलं आहे. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हल्ली फई नाव ठेवते म्हणजे काय करते? आईबाप ठरवतात, तिच्या कानात सांगतात, ती मोठ्यानं म्हणते. मोटीबेन आपली. तिच्या कानात 'मालम' सांगायचं, ती म्हणेल, वाद नाही, मतं नाहीत, बूचच्या तोंडाला कुलूप. काम फत्ते.

"मंडळाची इच्छा असेल तर माझी काय हरकत," ते पडेल आवाजात म्हणाले.

फई नाव ठेवते ते राशीच्या अक्षरावरून. म्हणून पत्रिकेचा पहिला फर्मा, म्हणजे छापील पानांचा पहिला ताव, ज्या दिवशी छापला जाईल तो तिचा जन्म, असं बूचनं जाहीर केलं. पंचांगाला जन्मभर हसलेल्या दोलतरायांनी त्या संध्याकाळी दार लावून पंचांग उघडलं. सिंह राशीची अक्षरं म आणि ट. चंद्र सिंहेत कधी येतो ते बघून त्यांनी छापखान्याला तोच दिवस दिला. जुळारी म्हणाला, "साहेब, दोन दिवस आधीही होईल." दोलतराय म्हणाले, "घाई करू नका, सावकाश करा." मुखपृष्ठाचा ठसा त्यांनी भुजमध्ये करवलाच नाही. राजकोटला जाऊन करवून आणला आणि टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला.

मग ते मांडवीला गेले. मोटीबेन ओसरीवर बसून बाजरी निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं. ती सूप हातात धरून ऐकत राहिली.

"मी फई," ती म्हणाली.

"हो. पण फार काही करायचं नाही तुला. आदल्या दिवशी ये. आयत्या वेळी मी तुझ्या कानात सांगेन ते म्हण, झालं."

मोटीबेननं सूप खाली ठेवलं. "कानात?"

"म्हणजे काय म्हणायचं ते."

"भाई, फई बाळाच्या कानात सांगते. फईच्या कानात कोणी सांगत नाही."

"अगं, हल्ली तसंच करतात."

"हल्लीच्यांना करू दे. नाव मी ठेवणार असेन तर मीच ठेवीन. नाहीतर दुसरी फई बघ." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी येते. मंजुलाशी बोलायचंय."

परतीच्या बसमध्ये दोलतरायांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. जिनं जन्मात कधी भावाचा शब्द मोडला नाही ती आज सूप बाजूला ठेवून हक्क सांगते, म्हणजे हिला कोणीतरी चढवलंय. आणि फईची कल्पना काढली कोणी? झैनबनं. मोटीबेनचं नाव घेतलं कोणी? बूचनं. बूचच्या बायकोचं माहेरही मांडवीचंच. धागा सरळ होता.

मोटीबेन आली आणि घरातली हवाच बदलली. दोलतराय स्वयंपाकघरात शिरले की तिथलं बोलणं थांबायचं. कढी नुसती उकळत असायची आणि दोघी नणंद-भावजया तिच्याकडे बघत असायच्या, जणू कढीतच काहीतरी पडलंय. एकदा त्यांनी बघितलं तर मंजुलाबेन पदरानं डोळे पुसत होत्या.

"काय झालं?"

"कांदा," मंजुलाबेन म्हणाल्या.

कांदा कुठेच नव्हता. दोलतरायांनी केराची टोपलीही बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी मोटीबेन देवळात जाते म्हणून निघाली. देऊळ डावीकडे, ती वळली उजवीकडे. दोलतरायांनी चपला सरकवल्या आणि मागं मागं गेले. साठी उलटलेला माणूस भिंतीच्या आडोशानं चालला होता. समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं "केम छो साहेब" केलं तर त्यालाही बोटानं गप्प केलं. मोटीबेन सरळ बूचच्या घरात शिरली. खिडकी गल्लीवरच होती. आतून आधी नुसती कुजबुज आली. मग बूचचा तो घोगरा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"नाव फार चांगलं आहे, मोटीबेन. पण दोलतला आत्ता सांगू नका."

दोलतरायांचं डोकं सणकलं. मागं लुबाडलं तेव्हा निदान स्वतःच्या तोंडानं लुबाडलं. आता माझ्याच बहिणीच्या तोंडून मलाच लुबाडतोय. त्यांना आत घुसावंसं वाटलं, पण ते घरी आले. घुसले असते तर बूच म्हणाला असता, आम्ही लोणच्याबद्दल बोलत होतो. चोराला मुद्देमालासकट धरावं लागतं.

म्हणून त्यांनी सापळा लावला. हा सापळा लावताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे खरं. चहा पिताना त्यांनी कित्येक वर्षांनी तोंड उघडलं आणि बूचला म्हणाले, "मला विचारशील तर 'दीपस्तंभ' वाईट नाही." बूचच्या हातातली बशी कलली. झैनबला छापखान्यात गाठून ते म्हणाले, "'द्वार' कसं वाटतं? कोणाला बोलू नका." आणि जेवताना मंजुलाबेनना, "'दर्पण' म्हणून एक नाव मनात येतं." तिघांना तीन. आता मोटीबेनच्या तोंडून यातलं जे निघेल त्यावरून कळणार होतं, घरभेदी कोण. निघाल्याबरोबर आपण उठायचं, सगळ्यांसमोर उघडं पाडायचं, आणि पिशवीतून ठसा काढून टेबलावर ठेवायचा. 'मालम.' बोला आता.

मंजुलाबेन त्यांच्या ताटात खिचडी वाढत म्हणाल्या होत्या, "दर्पण? बरं आहे." एवढंच. बायकोचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, हे त्यांनी बघितलं नाही. ते फक्त तिचा आवाज तपासत होते.

फर्मा ठरलेल्या दिवशी छापून झाला आणि नावाचा दिवस आला. मंडळाची खोली झाडून-पुसून ठेवली होती. झैनबनं घरची लाल बांधणीची ओढणी आणली होती. शाईचा वास येत असलेला तो छापील फर्मा घडी घालून ओढणीत ठेवला, बरोबर पिंपळाचं पान आणि सुपारी. चार कोपरे चौघांनी धरले. एक झैनबनं, एक बूचनं, एक मंजुलाबेननी आणि एक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी. दोलतराय बापाच्या मानानं खुर्चीवर. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात ठसा.

मोटीबेननं जरीकाठी साडी नेसली होती. इतक्या वर्षांत तिला कोणी या साडीत बघितलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, झोळीला हात लावला आणि ती झुलवू लागली. फईचं ते झोळीचं गाणं तिनं म्हटलं, आवाज थोडा चिरका लागला. मंडळी गालात हसत होती. विद्वानांना कधीमधी असा खेळ आवडतो.

"फईनं नाव ठेवलं," मोटीबेन म्हणाली आणि थांबली.

दोलतराय खुर्चीच्या कडेला आले. दीपस्तंभ, द्वार, की दर्पण.

"उन्मेष."

"वा," झैनब म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. ग्रंथपालांनी मान डोलावली. बूचनं मात्र मान खाली घातली, आणि ते दोलतरायांनी बरोबर पाहिलं.

तिघांत नसलेलं चौथंच नाव आलं होतं. सापळ्यात कोणीच सापडलं नव्हतं आणि उंदीर तर समोर उभा होता. उन्मेष. मोटीबेनच्या तोंडी? जिच्या बोलण्यात रोटला, लसूण, सांधेदुखी आणि शेजारणीची सून याच्यापलीकडे काही नसतं, तिच्या तोंडी? हा शब्द बूचचा. याची 'संपुट'छाप शब्दांची आवड भुजभर माहीत आहे. दोलतराय उठून उभे राहिले.

"थांबा. जरा थांबा. पत्रिकेची रास सिंह. अक्षर म. मग हा उ कुठून आला?"

"आला," मोटीबेन म्हणाली. तिचा हात अजून झोळीवरच होता.

"आला म्हणजे? मोटीबेन, हा शब्द तुझा नाही. सातवी शिकलेल्या बाईला हा शब्द सुचत नाही. खरं सांग, कोणी सांगितला तुला?"

"अहो, पुरे," मंजुलाबेन म्हणाल्या.

"का पुरे? होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर. मी माझ्या कानांनी ऐकलंय. 'नाव चांगलं आहे, पण दोलतला सांगू नका.' हरसुख, म्हणाला होतास की नाही?"

"म्हणालो होतो," बूच म्हणाला.

"ऐकलंत?"

"ऐकलं. आता नाव कोणी सांगितलं ते त्यांनाच विचार. मला नको विचारूस."

दोलतराय बहिणीकडे वळले. आपण जिंकलो असं त्यांना वाटत होतं आणि तरी काहीतरी चुकतंय असंही वाटत होतं, कारण खोलीत कोणी चोरासारखं दिसत नव्हतं. मोटीबेन त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता.

"सांग ना. कोणी सांगितलं?"

"तू," मोटीबेन म्हणाली.

"मी?"

"तूच तार केली होतीस, भाई. मुलगा झाला, रास वृषभ, छठीला ये. वृषभ म्हणजे ब, व आणि उ. ब वरून आपल्याकडे नावांना तोटा नव्हता, व वरून चुलत्यांकडचे होतेच. हवेलीच्या देवळात कथा चालू होती, मी कथेकरी महाराजांपाशी गेले. म्हटलं, उ वरून एक चांगलं नाव द्या, आमचा भाई शिकलेला आहे, त्याचा मुलगाही शिकणार. ते म्हणाले, उन्मेष ठेव, डोळे उघडणं म्हणजे उन्मेष. मला तोंडात बसेना. मांडवीपासून भुजपर्यंत सगळी वाट मी बसमध्ये म्हणत आले, विसरायला नको म्हणून. शेजारची बाई म्हणाली, कसला जप चाललाय. घरी पोचले तर तुम्ही सगळे अंगणात बसलेले." तिनं ओढणीची कड जरा सारखी केली. "मग ते नाव मी कोणाला सांगायचं होतं?"

खाली वाचनालयात कोणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज वर ऐकू आला.

दोलतरायांना तार आठवली. तारघराच्या खिडकीशी उभं राहून रास लिहिताना आपण हसलो होतो, तारबाबूनं पेढे मागितले होते, हेही आठवलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी एकदाही आठवू दिलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अशी की कुठे बघावं ते कळेना. सातवी शिकलेली बाई, असं आपण आत्ता चार माणसांत म्हणालो.

"मला कधी सांगितलं नाहीस," ते कसेबसे म्हणाले.

"तू कधी विचारलं नाहीस. आज विचारलंस."

"मलाही याच आठवड्यात कळलं," मंजुलाबेन म्हणाल्या. झोळीचा कोपरा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "मोटीबेननी मला विचारलं, पुस्तकाला दिलं तर तुला चालेल का. मी म्हटलं, चालेल. मला ते नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं."

"आणि गेलेल्या बाळाचं नाव असं देता येतं का, ते विचारायला त्या माझ्याकडे आल्या," बूच म्हणाला. "शास्त्रात मला काही सापडलं नाही. मी म्हटलं, आईला विचारा. आणि दोलतला आधी सांगू नका, तो हसण्यावारी नेईल आणि तुम्ही पुन्हा गप्प बसाल. एवढंच म्हणालो होतो. बाकी तुला माझ्याबद्दल जे वाटतं ते वाटू दे."

दोलतरायांनी बूचकडे बघितलं. 'संपुट'चं कोडं अजून सुटलं नव्हतं आणि आता ते सुटणारही नव्हतं. त्यांनी मांडीवरून घसरलेली पिशवी उचलली आणि खुर्चीखाली सारून दिली. आत काय आहे, हे कोणी विचारलं नाही.

"अंताणीसाहेब," झैनब हळूच म्हणाली, "इतिवृत्तात काय लिहू? नाव सर्वानुमते?"

"घरातलं नाव आहे," दोलतराय म्हणाले. "मतं कसली घेता त्याला."

मोटीबेननं पुन्हा झोळीला हात लावला. तिचा चेहरा फार थकलेला दिसत होता आणि फार सुखावलेलाही. जे ओझं तिनं बसमधून आणलं होतं ते आत्ता कुठे खाली ठेवलं होतं.

"मंजुला, पहिली हाक आईनं मारायची असते," ती म्हणाली.

"पुस्तकाला?" ग्रंथपालांनी विचारलं आणि लगेच ते गप्प झाले.

मंजुलाबेन झोळीवर वाकल्या. आत पिंपळाच्या पानाखाली कागदांची घडी होती, कडेला शाई थोडी फिसकटलेली. त्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या.

"उन्मेष," त्यांनी हाक मारली. जेवायला बोलवावं तशी, साधी. आणि मग जरा मोठ्यानं, पोर अंगणात लांब खेळत असावं तशी, "उन्मेष."

सगळे खाली मान घालून उभे होते. दोलतराय पुढे आले, त्यांनी ग्रंथपालांच्या हातातून चौथा कोपरा घेतला आणि झोळीतून जी येणार नव्हती ती ओ दिली.